रेस सोडताना

"चारच लावायच्या, आण्णा. एकीची गोष्ट आता माझ्याम्होरं काढू नका," जयराज म्हणाला आणि टेबलावरची मोठी थ्रॉटल बॉडी त्यानं पालथ्या हातानं अशी सरकवली, की ती पान्यांच्या ढिगाऱ्यावर जाऊन आदळली.

गुंडा चौगुलेनं ती उचलली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. सांगलीहून माधवनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्याच्या या वर्कशॉपात जयराजनं वस्तूवर राग काढलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. कऱ्हाडजवळच्या बागायतदाराचा हा मुलगा कॉलेजात असताना पहिल्यांदा इथं आला, तो बापाची मोटरसायकल ढकलत. शर्यत लावताना इंजिन जाम झालं होतं आणि बापाला कळायच्या आत ते सुटायला हवं होतं. त्या दिवसापासून गुंडानं इंजिनं बांधायची आणि जयराजनं ती चालवायची, असं ठरून गेलं. मोटरसायकली गेल्या, गाड्या आल्या. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माळांवर मातीच्या शर्यती होत, तिथं जयराजची निळी गाडी आली की लोक दोरीला जाऊन चिकटत. आता जयराजच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते आणि गुंडा पन्नाशी ओलांडून गेला होता.

टेबलावर दोन मांडण्या होत्या. एकीकडे ही मोठी थ्रॉटल बॉडी आणि तिच्यामागं ॲल्युमिनियमचा डबा. एकाच तोंडातून हवा घ्यायची आणि डब्यातून चारी सिलिंडरना वाटून द्यायची. दुसरीकडे परदेशी मोटरसायकलीच्या इंजिनावरून काढलेला चार लहान थ्रॉटलांचा संच. प्रत्येक सिलिंडरला आपापली नळी, नळीत आपापली गोल चकती. पाय दाबला की चकत्या फिरतात, हवा आत घुसते, गाडी उसळते. पाय उचलला की स्प्रिंग चकत्या मिटवते आणि गाडीचा जोर उतरतो. काम एवढंच. पण चार थ्रॉटलांचं इंजिन पायाला फार लवकर ऐकतं. अंगठ्याचा नुसता भार पडला तरी ते ओरडतं.

"गुळगुळीत डांबर असतं तर मीच म्हनलो असतो चार लाव," गुंडा म्हणाला. "आपला माळ हाय गड्या. धूळ बगितलीस का कवा वडूजची? चार तोंडं उगडी, चार फिल्टर तुंबनार. आनि वळनावर अर्ध्या रेसवर गाडी धरायची म्हंजे ह्यो संच लय नखरं करतुय. गेल्या साली इस्लामपूरच्या पृथ्वीराजनं लावला, तवा तूच हसला हुतास."

"हसलो हुतो. आता न्हाई हसत."

"झालं काय पन?"

"आण्णा, थोडं दाबलं की सगळं मिळालं पायजे. पॅडलचा पल्ला कमी करा. आनि स्प्रिंगा जाड लावा."

गुंडाला हे कळेना. उभ्या आयुष्यात जयराजनं पॅडल हलकं मागितलं होतं. स्प्रिंग जरा जाड झाली तर तो गाडीतूनच ओरडायचा, की मला इंजिनाशी बोलायचंय, कुस्ती करायची नाही.

"जाड कशापायी?"

"पाय वर ढकलला पायजे पॅडलनं," जयराज म्हणाला आणि खिशातला फोन उगाच काढून बघत बसला.

पृथ्वीराजच्या धास्तीनं हा असा बोलतोय, असं गुंडानं मनाशी धरलं. पोरगं वयानं निम्मं होतं आणि मागच्या दोन्ही शर्यती त्यानं मारल्या होत्या. वय सगळ्यांना कुठंतरी गाठतंच, जयराजला ते वडूजच्या येत्या शर्यतीत गाठणार असेल. गुंडा लेथला लागला. इंजिनाचं तोंड आणि थ्रॉटलांच्या नळ्या यांचं जमत नव्हतं, म्हणून त्यानं मधली पट्टी स्वतः कापून घेतली, भोकं हातानं घासून सारखी केली. काम मनाविरुद्ध होतं, पण हाताला ते कळत नव्हतं. चारी चकत्या एकाच दमात उघडायला लागल्या, तेव्हा त्याला आत कुठंतरी बरंच वाटलं.

गळीत हंगाम संपला होता. कारखान्यामागं ऊसगाड्या उभ्या राहतात तो माळ मोकळा पडला होता. गाडी ट्रॉलीवर घालून गुंडा तिथं पोचला, तर जयराज आधीच आलेला. त्याची बायको शिवांजली त्याला घेऊन आली होती. चारचाकी ती चालवत होती आणि जयराज शेजारी बसला होता. दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करणं म्हणजे या माणसाला शिक्षा होती. गुंडानं ते पाहिलं, पण नवरा-बायकोत काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

"बसा की वैनी सावलीत," तो म्हणाला.

"हितंच बरी हाय, आण्णा," शिवांजली म्हणाली. ती गाडीतून उतरली नाही. काचही तिनं अर्धीच खाली घेतली.

जयराजनं इंजिन सुरू केलं आणि गुंडाच्या हातावर काटा आला. असा आवाज त्याच्या हातून आजवर निघाला नव्हता. गाडी माळाच्या टोकाला गेली, वळली आणि वळणातून बाहेर पडताना अशी झेपावली की मागची माती उसळून बाभळीच्या शेंड्याला लागली. गुंडा मनात म्हणाला, खरं होतं रं तुझं. पण सरळ पट्टीच्या शेवटी, जिथं रेस सोडून ब्रेक मारायचा तिथं, इंजिनाचा आवाज उतरला नाही. डोळ्यांची पापणी लवावी तेवढाच वेळ तो तसाच चढा राहिला. मग उतरला. गाडी कडेच्या बांधाला घासून थांबली.

"बरं हाय," जयराज खिडकीतून म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "लय बरं हाय, आण्णा."

गुंडानं लॅपटॉपची वायर जोडली. थ्रॉटल किती उघडला, किती मिटला, याची रेघ पडद्यावर उमटते. चढताना रेघ भिंतीसारखी उभी होती. उतरताना मात्र ती घसरत, अडखळत खाली आली होती. प्रत्येक वेळी तसंच. चकत्यांचा दांडा कुठंतरी अडकतोय, असं गुंडाला वाटलं. त्यानं केबल सोडवली आणि हातानं चकत्या उघडून सोडल्या. टक्कन मिटल्या. पुन्हा उघडल्या, पुन्हा टक्कन. मग त्यानं सेन्सर बदलला. जयराजनं पुन्हा फेरी मारली आणि रेघ पुन्हा तशीच घसरली.

"उतर जरा. मी बगतो मारून," गुंडा म्हणाला.

तो शर्यतीचा माणूस नव्हता. भीत भीतच त्यानं एक फेरी मारली, जमेल तशी रेस दिली, सोडली. येऊन बघतो तर रेघ खाली येताना विहिरीत दगड टाकल्यासारखी सरळ आली होती. इंजिन तेच होतं, स्प्रिंग तीच होती. बदलला होता तो पाय.

गुंडानं मान वर केली. जयराज पुन्हा गाडीत बसत होता. डावा पाय त्यानं सहज आत घेतला. उजवा घेताना त्यानं पँट सारखी केल्यासारखं केलं आणि गुडघ्याखाली हात घालून पाय उचलून आत ठेवला. त्याच्या उजव्या बुटाचं नाक झिजून पांढरं पडलं होतं.

"जयराज," गुंडा खिडकीशी जाऊन म्हणाला, "पायाला काय झालंय?"

जयराज समोर बघत राहिला. लांबवर शिवांजलीनं काच पूर्ण खाली घेतली.

"दिवाळीपासनं चप्पल पायातनं निसटायला लागली," तो शेवटी बोलला. "निसटली तरी कळायचं न्हाई. मग ठेचा लागायला लागल्या. मिरजंला दाखवलं, सुया टोचून बगितल्या. मग पुन्याला गेलो. नसांचा आजार हाय, आण्णा. पाय दाबला जातोय, पन उचलायचा म्हनलं की उचलत न्हाई. हितनं सुरू झालंय. वर चढत जानार. हात, मग जीभ, मग गिळनं. ह्येच्यावर औषध न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

गुंडानं गाडीच्या टपावर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता, तरी त्यानं हात काढला नाही.

"आईला सांगितलंय पाठीची नस दबलीया म्हनून. हिला तेवढं म्हाईत हाय. आता तुमाला. वडूजची एवढी एक शर्यत मारू द्या मला. मग तुमी म्हनाल तिथं गाडी लावतो."

तेव्हा गुंडाला सगळं उलगडलं. चार थ्रॉटल नखऱ्यासाठी नव्हते, पृथ्वीराजसाठीही नव्हते. पल्ला कमी हवा होता, कारण पाय फार हलवायचा नव्हता. जाड स्प्रिंगा हव्या होत्या, कारण जे काम पायाला जमत नव्हतं ते त्यांनी करायचं होतं. हा माणूस आपल्या इंजिनाकडून आपला पाय मागत होता.

घरी गेल्यावर गुंडाला जेवण गेलं नाही. स्प्रिंग पाय ढकलेल, सपाटीवर ढकलेल. पण माळावर उंचवटे असतात. गाडी हवेत उडून खाली आपटते तेव्हा अख्ख्या पायाचं वजन पॅडलवर येतं, आणि ते वजन परत घ्यायला आत कोणी नसलं, तर कुठलीही स्प्रिंग पुरणार नाही. पुरेल एवढी जाड लावली, तर त्याला पॅडल दाबता यायचं नाही. हातात कागद नसताना तो हे गणित पुन्हापुन्हा मांडत होता आणि दर वेळी ते त्याच ठिकाणी येऊन अडत होतं.

त्यानं एक वाट काढली. जयराज आला तेव्हा टेबलावर तिसरीच वस्तू होती. जुन्या लहान गाडीची एकच थ्रॉटल बॉडी, अरुंद तोंडाची. तिला जोडायचं केबलचं चाकही त्यानं असं कापलं होतं, की पाय कितीही पडला तरी चकती सावकाशच उघडावी.

"ह्येच्यावर जा," गुंडा म्हणाला. "माळावर उतरशील, लोक बगतील, निशान पडल. गाडी तुला फसवनार न्हाई."

जयराजनं ती हातात घेतली. तोंडातून पलीकडं बघितलं.

"ह्येच्यानं गाडी पळंल का?"

"चालंल."

"म्हंजे जत्रंतल्या पाळन्यात बसवून एक चक्कर मारून आनायची मला." त्यानं ती वस्तू अगदी हळू खाली ठेवली. "आण्णा, हळू चालवायला मी माळावर कशाला येऊ? हळू व्हायला मला पुढं लय वेळ हाय."

"हितं तुज्या एकट्याचं न्हाई रं. दोरीला लोक असत्यात."

"वीस वर्सं दोरीला लोक हायत. कवा कुनाला धक्का लागला का?"

"तवा पाय हुता," गुंडा म्हणून गेला.

जयराजचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "चार ठेवून पुरं करून द्या, न्हाईतर गाडी द्या."

"माझ्याच्यानं न्हाई हुयाचं."

दुसऱ्या दिवशी जयराजचे गडी ट्रॉली घेऊन आले आणि निळी गाडी घेऊन गेले. साताऱ्याच्या एका वर्कशॉपात ती लागली, स्प्रिंगा जाड झाल्या, एवढं गुंडाच्या कानांवर आलं. तिथल्या लोकांना पायाचं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

वडूजला जायचं नाही असं गुंडानं ठरवलं होतं. शर्यतीच्या सकाळी तो अंघोळ करून वर्कशॉपाला जायला निघाला आणि वडूजच्या वाटेवरच्या विट्याच्या एसटीत जाऊन बसला.

माळावर वारा सुटला होता. धुळीनं ऊन पिवळं झालं होतं. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घेऊन आले होते, ट्रॉल्यांत बायकापोरं चादरी डोक्यावर घेऊन बसली होती. बाभळीखालच्या वळणाला सगळ्यांत जास्त गर्दी होती, कारण गाड्या तिथं उंचवट्यावरून उडून खाली येत. गुंडा तिथंच दोरीशी उभा राहिला.

सरावाला निळी गाडी आली. पहिली फेरी गुंडानं श्वास रोखून पाहिली. इतक्या वर्षांत जयराजनं एवढी सुंदर गाडी चालवलेली त्याला आठवेना. चारी थ्रॉटल एका गळ्यानं गात होते, वळणातून गाडी पाण्यासारखी निघत होती. आपण बांधलेलं इंजिन असं चालताना बघून आपलंच काहीतरी चुकलं असेल, अशी आशा गुंडाला वाटली.

दुसऱ्या फेरीला गाडी उंचवट्यावरून उडाली, आपटली आणि आवाज उतरला नाही. समोर वळण होतं. गाडी वळायला बघत होती, पण चाकांत जोर तसाच होता. ती सरळ आली, दोरी तुटली, टायरांचा ढीग उधळला आणि एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर ती धुरळ्यात थांबली. तिच्या पुढच्या चाकाखाली कुणाची तरी छत्री चिरडली होती. छत्री धरून बसलेली म्हातारी ट्रॉलीच्या फळीला टेकून नुसती बघत होती.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयराजनं मुद्दाम करून दाखवलं, असं त्यांना वाटलं. शिट्ट्या झाल्या. जयराजनं खिडकीतून हात हलवला, गाडी मागं घेतली आणि निघून गेला. हात हलवताना त्याचा चेहरा कसा होता, ते गुंडानं पाहिलं.

तंबूत शर्यतीचे मुख्य अधिकारी देवदत्त साने बसले होते. साताऱ्याचे, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. गुंडाला ते चांगले ओळखत.

"सायेब, जयराजला सोडू नका शर्यतीत," गुंडा म्हणाला. "त्येच्या पायात जोर न्हाई. गाडीत काय बिघाड न्हाई, पायात हाय."

साने त्याच्याकडं बघत राहिले. "चौगुले, गाडी तुमच्याकडून साताऱ्याला गेली, हे मला माहीत आहे. तुमचं काही भांडण झालंय का?"

"भांडान असतं तर घरी बसलो असतो. टाच जमिनीवर टेकवून चवडा वर उचलायला सांगा त्येला. उचलला तर मला हितनं हाकलून द्या."

जयराजला बोलावलं. तो आला, त्याच्या मागून शिवांजली आली. वाऱ्यानं तंबूचा पडदा उडत होता आणि बाहेर माणसं गोळा व्हायला लागली होती. जयराज प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. सान्यांनी काय करायचं ते हलक्या आवाजात सांगितलं. जयराजनं बूट काढले. डावा चवडा टुणकन वर आला. उजवा आला नाही. तो जोर लावत होता. पोटरीच्या कातडीखाली बारीक बारीक काहीतरी उडत होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण चवडा चटईवर पडला होता तसाच पडून राहिला.

"पुन्हा एकदा बघायचं?" सान्यांनी विचारलं. ते दुसरीकडं बघत होते.

"नको," जयराज म्हणाला. मग त्यानं गुंडाकडं पाहिलं. "तुमी, आण्णा?"

तेवढंच. तो बूट चढवायला वाकला. उजवा पाय बुटात जाईना. गुंडा नकळत पुढं होऊन खाली बसला.

"हात लावू नका."

शिवांजलीनं मग त्याच्या पायात बूट घातला आणि नाडी बांधली. तिनं गुंडाकडं पाहिलं नाही. पण तिचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आल्यासारखे त्याला वाटले, आणि हे आपल्या मनाचेच खेळ की काय, हेही त्याला कळेना. भोंग्यावर सान्यांनी सांगितलं की तांत्रिक कारणानं निळी गाडी आज धावणार नाही. लोकांनी हुर्यो उडवली, मग ते गप्प झाले. त्या दिवशी शर्यत पृथ्वीराजनं मारली.

माळांवरच्या लोकांत पुढं बरेच दिवस हेच चाललं, की गाडी दुसरीकडं गेली म्हणून गुंडानं जयराजचा काटा काढला. कुणी तोंडावर म्हणालं नाही. गुंडानं कुणाला काही सांगितलंही नाही. जयराजचा आजार ही त्यानं सांगायची गोष्ट नव्हती. त्यानं जयराजच्या घरी फोन केले, ते कुणी उचलले नाहीत.

"मी बरं क्येलं का वाईट?" एकदा त्यानं बायकोला, हरणाबाईला विचारलं.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती छत्रीवाली म्हातारी घरी ग्येली न्हवं? मग आता ह्येच इचारत बसू नगासा."

दिवस गेले. पृथ्वीराज इंजिन बांधून घ्यायला गुंडाकडं येऊ लागला. कुठला थ्रॉटल लावायचा यावर दोघं बसून बोलायचे. गुंडा सगळं नीट सांगायचा, पण पॅडलवर आधी स्वतःचा हात ठेवून स्प्रिंग पुन्हापुन्हा दाबून बघायचा. त्या पोराला ते विचित्र वाटायचं.

पुढच्या थंडीत शिवांजलीचा फोन आला.

"आण्णा, येताय का? ह्यांना उचलून खुर्चीत बसवायला मानूस पायजे. गडी हायत, पन त्यांचा हात लागला की ह्ये डोळं मिटून घेत्यात."

सोमवारी वर्कशॉप बंद असतं. गुंडानं डोक्यावरून पाणी घेतलं, नखांतलं काळं ब्रशनं घासून काढलं, पांढरा शर्ट घातला आणि गेला. सोप्यात खिडकीशी पलंग होता. जयराजची जीभ गेली होती. हात उशांवर ठेवले होते, जिथं ठेवावे तिथं ते राहत. श्वासाचं एक लहान मशीन उशाशी होतं, ते दिवसातून बराच वेळ लावावं लागे. डोळे तेवढे पूर्वीचे होते. ते गुंडावर आले आणि भिंतीकडं वळले.

"चुकलो म्हनायला आलो न्हाई मी, जयराज," गुंडा म्हणाला. "उचलायला आलोय."

त्यानं पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून त्याला उचललं. एवढ्या मोठ्या हाडाचा माणूस, उचलताना गुंडाचा तोल मागं गेला, इतका तो हलका झाला होता. खुर्चीत बसवून गुंडा शेजारी बसला. काहीतरी बोलावं म्हणून वर्कशॉपातलं सांगत राहिला. जयराज भिंतीकडं बघत राहिला.

मग तो दर सोमवारी जायला लागला. अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. सांगलीहून कऱ्हाड, तिथून मिळेल ते वाहन. उचलायचं, बसवायचं, थोडा वेळ थांबायचं, परत पलंगावर ठेवायचं. डोळे काही भिंतीवरून हलायचे नाहीत. आपण का जातो, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. आईला आता सगळं कळलं होतं, ती आतल्या खोलीतून फक्त चहा पाठवायची.

एकदा मधल्याच वारी, दुपारी शिवांजलीचा फोन आला. जयराजला कफ सुटत नव्हता, डॉक्टरांनी दिवस मावळायच्या आत उठवून बसवायला सांगितलं होतं. गुंडा तेव्हा इंजिनाखाली आडवा होता. हात फडक्याला पुसले न पुसले, आहे तसा तो निघाला. पृथ्वीराजनंच त्याला गाडीतून आणून सोडलं.

सोप्यात पाय टाकल्यावर त्याला स्वतःच्या कपड्यांकडं बघून कसंसंच झालं. पलंगावर धुतलेली चादर होती.

"वैनी, एखादं धोतर तरी द्या अंगावर घ्यायला. सगळा बरबटलोय."

"राहू द्या, आण्णा. उचला."

शिवांजलीनं मशीनची नळी बाजूला केली. गुंडानं जयराजला उचललं. मान आता ठरत नव्हती. ती कलंडली आणि जयराजचा चेहरा गुंडाच्या खांद्यावर, कामाच्या शर्टावर येऊन पडला. शर्टाला पेट्रोलचा, जळक्या ऑइलचा, तापलेल्या लोखंडाचा वास होता. तो वास इतकी वर्षं नाकात बसलेला, की गुंडाला स्वतःला तो येतही नसे. त्याला फक्त एवढं कळलं, की आपल्या खांद्याशी त्या माणसाच्या नाकपुड्या हलल्या. एक श्वास आत गेला, अडकत, लहानसा. मग दुसरा, त्याहून मोठा. मग आणखी एक.

गुंडा खुर्चीकडं वळला. जयराजचे डोळे मिटलेले होते, पण भिंतीकडं वळलेले नव्हते. गुंडा खिडकीपाशी तसाच उभा राहिला. दंड भरून आले, कंबर दुखायला लागली, तरी तो हलला नाही.

शिवांजलीनं खुर्ची पुढं ओढली होती. ती तिनं आवाज न करता मागं घेतली.